आण्णांच्या पिंपातली केमिस्ट्री

पत्र थोडक्यात असं : तासगाव तालुक्यातल्या एका गावातली मुलगी, अकरावी सायन्सला. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. दहावीला विज्ञानात ९२ मार्क (कंसात तिनं लिहिलंय, मराठी माध्यम). आता पहिल्या सत्रात केमिस्ट्रीत ५० पैकी ११. मोलची गणितं सुटत नाहीत, नावं पाठ होत नाहीत. प्रॅक्टिकल अजून एकही झालेलं नाही, सीनिअरचं जर्नल आणून उतरवून काढलं. क्लासचे सर म्हणतात, केमिस्ट्री स्कोअरिंग आहे, पाठ केली की झालं. वडील, म्हणजे आण्णा, म्हणतात, "रानाचं वाटोळं केमिकलनं केलं आणि तू तेच शिकायला चाललीस." पुण्यात नोकरी करणारा दादा म्हणतो, एआयच्या जमान्यात केमिस्ट्री कोण विचारतं, ती सोडून कॉम्प्युटर घे, नाहीतर सरळ कॉमर्सला जा. शेवटी ती विचारते : "केमिस्ट्री म्हणजे नेमकं काय आणि ती मी का शिकायची? 'मार्क मिळतात' हे सोडून दुसरं उत्तर असेल तर सांगा. नसेल तर मी सोडते."

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हा प्रश्न मला केमिस्ट्री शिकवण्याच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मोजून चार-पाच मुलांनी विचारला असेल, आणि त्यातल्या एकालाही मी धड उत्तर दिलेलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची गोष्ट. वडिलांची पानपट्टी असलेला एक मुलगा वर्गात उभा राहिला. "मॅडम, चुना पांढरा, कात तपकिरी, पान हिरवं. मग थुंकी लाल का?" वर्ग हसला. मीही हसले आणि म्हटलं, "बस खाली, परीक्षेला येत नाही ते." खरं कारण एवढंच, की उत्तर मला माहीत नव्हतं. कातातली टॅनिनच्या जातीची द्रव्यं चुन्यामुळं अल्कधर्मी झालेल्या लाळेत ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि लाल होतात, हे मी पुढं कधीतरी वाचलं. तोवर तो मुलगा कॉलेज सोडून गेला होता. तेव्हा तुला उत्तर देताना मी जुनं देणं फेडतेय असं समज.

आधी ते ११ मार्क. दहावीला ९२ आणि सहा महिन्यांत हे. एवढ्या वेळात कुणाची बुद्धी आटत नाही. मग बदललं काय? तू कंसात जाताजाता लिहिलंस, मराठी माध्यम. मला वाटतं तुझ्या अडचणीचा निम्मा भाग त्या कंसात बसलाय. मार्चमध्ये तू 'क्षपण' लिहीत होतीस, त्याचं आता 'रिडक्शन' झालं. 'संयुजे'ची 'व्हॅलन्सी' झाली, 'मूलद्रव्या'चं 'एलिमेंट', 'संप्लवना'चं 'सब्लिमेशन'. यातलं काहीच तुला नवीन नाही. दुकान तेच आहे, पाटी बदललीय. पण तू पाटीकडं बघून ठरवलंस की हे गावच आपलं नव्हे. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं अशीच यायची. दिवाळीपर्यंत ती गप्प असायची आणि दिवाळीनंतर म्हणायची, "मॅडम, आम्हाला केमिस्ट्री जमत नाही." त्यांना इंग्रजी जमत नसायचं. फरक मोठा आहे, कारण इंग्रजीवर सहा आठवड्यांत इलाज होतो.

इलाज अगदी साधा आहे. दोनशे पानी वही घे. डाव्या पानावर दहावीतला मराठी शब्द, उजव्या पानावर अकरावीतला इंग्रजी शब्द, आणि दोन्हीच्या खाली घरातलं, बागेतलं एक उदाहरण. नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत गेली असतील तर गल्लीतल्या कुणाकडून तरी माग. नवा धडा सुरू झाला की आधी मराठीतला जुना धडा वाचायचा, मग इंग्रजी. हे करताना लाज वाटू देऊ नकोस. मराठी शब्द पुष्कळदा जास्त बोलका असतो, ते पुढं येईलच.

आता क्लासच्या सरांचं 'पाठ केली की झालं'. काही गोष्टी पाठ कराव्याच लागतात : मूलद्रव्यांच्या संज्ञा, संयुजा, आयनांची नावं. पाढ्यांशिवाय बाजार होत नाही, तसंच ते. पण सगळी केमिस्ट्री पाठ करायची म्हणजे सातबारा पाठ करून शेती शिकण्यासारखं आहे. सातबारा लागतोच, पण त्यावर ज्वारी उगवत नाही.

मग केमिस्ट्री म्हणजे काय? माझ्या मते हे चार प्रश्न. पदार्थ कशाचा बनलाय? त्याचा दुसरा पदार्थ कसा होतो? किती घातलं तर किती मिळतं? आणि ते आत्ताच का होतं, काल का झालं नाही? दुधाचं दही होतं, दह्याचं परत दूध होत नाही. तव्यावर भाकरी पापुद्रा धरते ती आचेमुळं, पण तीच भाकरी करपली तर ते वेगळंच काहीतरी होतं. जिथं एक गोष्ट जाऊन तिच्या जागी दुसरी येते, तिथं हे शास्त्र उभं असतं. यापेक्षा मोठी व्याख्या मला येत नाही, आणि आली असती तरी तुला उपयोगाची नव्हती. त्यापेक्षा तुमच्या बागेतल्या पिंपाकडं चल.

केवडा या बुरशीच्या रोगासाठी आण्णा बोर्डो मिश्रण करत असतीलच. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात भिजत घालायचं, लोखंडी भांड्यात नाही. चुना वेगळा विरवायचा. त्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, वाफ येते, बादली धरवत नाही इतकी तापते, आणि आण्णा ओरडतात, "तोंड मागं घे!" मग निळं पाणी आणि चुन्याचं पाणी एकत्र ओतायचं, आकाशी रंगाचा दाट गाळ तयार होतो. आणि फवारणीआधी शेवटचं काम : त्यात लोखंडी खिळा नाहीतर ब्लेड क्षणभर बुडवून बाहेर काढायचं. त्यावर तांबूस थर दिसला की आण्णा म्हणणार, "अजून चुना टाक, नाहीतर पाला जळंल."

तू हे लहानपणापासून बघतेस, म्हणून तुला ते 'काम' वाटतं. मला विचारशील तर अकरावीचे तीन-चार धडे त्या पिंपात उकळताहेत. चुना तापला ती उष्मादायी अभिक्रिया. निळ्या पाण्यात चुन्याचं पाणी पडून गाळ बसला तो अवक्षेप. आणि तो ब्लेड! मोरचुदातलं तांबं पाण्यात मोकळं असेल तर लोखंड त्याला हुसकून स्वतः पाण्यात उतरतं आणि बाहेर पडलेलं तांबं ब्लेडवर बसतं. दहावीत तू याला 'विस्थापन' म्हणत होतीस. चांदोली आणि कोयनेच्या धरणग्रस्तांना ज्या जिल्ह्यानं जवळून पाहिलंय, तिथल्या मुलीला हा शब्द समजावून सांगायला नको. जोरकस आला, दुबळ्याला उठावं लागलं. इंग्रजी पुस्तकातली 'डिस्प्लेसमेंट रिअ‍ॅक्शन' ती हीच. मोकळं तांबं पानाला जाळतं, म्हणून त्याला चुन्यानं गाळात अडकवायचं. तो गाळ पानाला चिकटून राहतो, दवाच्या-पावसाच्या पाण्यात थोडं थोडं तांबं सोडतो. तेवढ्यानं बुरशी मरते आणि पान वाचतं. म्हणजे सगळी गंमत 'किती मोकळं' यात आहे.

'बोर्डो' हे गावाचं नाव आहे हे आपल्याकडं कुणाच्या ध्यानातही येत नाही. फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळ मेदॉक नावाचा द्राक्षांचा पट्टा आहे. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. रोगासाठी नव्हे, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून! १८८२ साली बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना दिसलं की आतली बाग केवड्यानं गेलीय आणि कडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. त्यांनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक गेयों यांना हाताशी धरलं, प्रयोग केले, आणि १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केलं. बघ, निरीक्षण वनस्पतिशास्त्रवाल्याचं. पण चोराला भिववायच्या रंगाचं औषध व्हायला 'किती आणि का' विचारणारा माणूस लागला.

'किती' म्हटलं की तुझा शत्रू आला. मोल.

मोल म्हणजे डझनासारखंच एक माप. डझनात १२, मोलात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. एवढे कण कोण मोजणार? कुणीच नाही, म्हणून ते तोलायचे. सुट्या नाण्यांची पिशवी एकेक नाणं न मोजता तोलून हिशेब लावता येतो, कारण एका नाण्याचं वजन ठाऊक असतं. मोल म्हणजे ही तोलून मोजायची युक्ती, याहून जास्त काही नाही. आता पिंपाचा हिशेब करू. मोरचुदाच्या एका मोलचं वजन सुमारे २५० ग्रॅम. कळीच्या चुन्याच्या एका मोलचं ५६ ग्रॅम. म्हणजे किलोभर मोरचुदात ४ मोल, आणि किलोभर चुन्यात जवळजवळ १८. समीकरणात दोघांचं नातं धर एकास एक. मग ४ मोल मोरचुदाला चुना किती लागावा? ४ मोल. म्हणजे २२४ ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही!

मग आण्णा किलोभर का टाकतात? थांब, लगेच "आण्णा चुकतात" म्हणू नकोस. बाजारातला चुना शंभर टक्के चुना नसतो. शिवाय उघडी पिशवी कोपऱ्यात पडली की चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन हळूहळू खडू होत जातो, आणि खडू या कामाला येत नाही. वर, चुना थोडा जास्त झाला तर फारसं बिघडत नाही, कमी पडला तर पाला जळतो. किलोला किलो हे लक्षात ठेवायला सोपं आणि चुकीला जागा ठेवणारं प्रमाण आहे. आण्णा बरोबर आहेत. फक्त ते का बरोबर आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि ब्लेड बुडवायला शिकवणाऱ्यानं त्यांना ते न सांगताच सांभाळून घेतलंय. मोलचं गणित हे असं आहे. पुस्तकात ते कोरडं दिसतं, कारण पुस्तकात पिंप नाही.

बेदाण्याचंही तेच. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवून तुम्ही रॅकवर टाकता. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. या पाण्यानं तो थर सैल पडतो आणि वाळायचे दिवस निम्म्यावर येतात. ही युक्ती कुठल्या कंपनीनं काल शोधलेली नाही. भूमध्य समुद्राकाठचे लोक दोन हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरून हेच करायचे, आणि राखेच्या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेटच असतं. पुढं शेडमध्ये गंधकाची धुरी देता ती बेदाण्याचा सोनेरी रंग टिकावा म्हणून. सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तेच काम करणारं विकर (एन्झाइम) द्राक्षातही असतं, आणि गंधक जळून झालेला वायू त्याला थोपवतो. तोच वायू घशात गेला की ठसका लागतो, दमेकऱ्याला तर धोकाच. रंग राखणारा आणि छाती धरणारा वायू एकच. फरक कुठं आणि किती याचा.

इथून आण्णांच्या बोलण्याकडं येते, कारण ते मला दादाच्या बोलण्यापेक्षा जास्त वजनदार वाटलं.

आण्णा चुकीचं काही बोलत नाहीयेत, असं मी आधीच सांगते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. भोपाळ तुझ्या जन्माआधीचं, १९८४ चं, पण घरातल्या मोठ्यांना विचार. रसायनांची भीती हवेतून आलेली नाही. माझी तक्रार भीतीबद्दल नाही, शब्दाबद्दल आहे. आपण फवारतो ते 'औषध', शेजाऱ्यानं फवारलं की 'केमिकल'. पिंपात ओतताना 'औषध मारायचंय' म्हणायचं आणि भाषणात 'रसायनमुक्त' म्हणायचं. आयुर्वेदात तर 'रसायन' म्हणजे बळ देणारं, म्हातारपण लांबवणारं. च्यवनप्राश हे रसायन! त्या शब्दाची आपण चार पिढ्यांत शिवी केली. पाणी रसायन आहे, मीठ रसायन आहे, शेणखतातला नत्र रसायन आहे. म्हणून सगळं निर्धोक, असं मी म्हणत नाही. मला म्हणायचंय ते उलट : 'केमिकल' हा एकच शब्द सगळ्यांना लावला की मोरचूद, मीठ आणि जहाल कीटकनाशक एका ओळीत जाऊन बसतात, आणि खरोखर घाबरायचं कशाला हेच कळेनासं होतं.

आण्णांना २०१० सालची द्राक्षाची निर्यात नक्की आठवत असेल. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसीचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागायतदार पोळले. मर्यादा किती होती माहीत आहे? एका किलोत ०.०५ मिलिग्रॅम. बारा टनांच्या कंटेनरमध्ये मिळून अर्ध्या ग्रॅमहून जरासं जास्त, चिमूटभर मिठाएवढं. ते सीसीसी ज्यानं बनवलं तो केमिस्ट, आणि ज्यानं बारा टनांतली चिमूट पकडली आणि युरोपातल्या ग्राहकाला सांगितलं, तोही केमिस्टच. आज पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेत हेच काम चालतं. तेव्हा आण्णांना एवढंच सांग : रान केमिकलनं नासलं असेल तर ते कशानं, किती आणि कसं नासलं हे सांगू शकणारं माणूस घरात असलेलं वाईट का? औषधाच्या डब्यावरचा, विष किती जहाल ते सांगणारा त्रिकोण लाल आहे की पिवळा, निळा की हिरवा, हे वाचणारं. बोर्डो अल्कधर्मी असतं म्हणून त्यात बरीच कीटकनाशकं मिसळली की ती फुटून निकामी होतात, हे फवारणीच्या आधी सांगणारं. औषध विकणारा दुकानदार ते सांगेलच असं नाही. त्याला दोन बाटल्या विकायच्या असतात.

दादाचं थोडक्यात उरकते. एआयला पान जळल्याचा फोटो दाखवला तर ते चार कारणं सांगेल. त्यातलं आपल्या पिंपाला लागू कुठलं, हे ब्लेड बुडवणाऱ्यालाच ठरवावं लागेल. बाकी दादाला माझा आशीर्वाद.

आता निवड. तुझ्यापुढं तीन वाटा आहेत, आणि कॉमर्स म्हणजे हार असं मी अजिबात मानत नाही. तुला हिशेबाची, व्यापाराची, बेदाण्याच्या सौद्यांची खरीच ओढ असेल तर आनंदानं जा. पण तुझ्या पत्रात कॉमर्सबद्दल एकही वाक्य नाही, फक्त केमिस्ट्रीपासून लांब जायचंय एवढंच आहे. एका गोष्टीला पाठ दाखवून निघालेला माणूस पोहोचतो कुठं, याचा भरवसा नसतो.

सायन्समध्ये राहून केमिस्ट्री सोडायची झाली तर काय काय बंद होतं ते आधी कागदावर लिहून काढ. मेडिकल, आयुर्वेद, पशुवैद्यकीय, फार्मसी यांना केमिस्ट्री लागतेच. सीईटीचा पीसीएम गट घे किंवा पीसीबी, केमिस्ट्रीचे ५० प्रश्न दोन्हीकडं आहेत. इंजिनिअरिंगच्या पात्रतेत मधल्या काळात काही सवलती आल्यात, पण नियम दरवर्षी थोडेफार हलतात. म्हणून क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नकोस, प्रवेशाची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाच. सोळाव्या वर्षी इतकी दारं एका सत्राच्या मार्कांवर लावून घेऊ नयेत, असं माझं मत.

आणि केमिस्ट्री ठेवलीस तर? मी गुलाबी चित्र रंगवणार नाही. साधी बी.एस्सी. केमिस्ट्री करून लोटे, महाड, कुरकुंभ अशा एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला लागलेली माझी बरीच मुलं आहेत. शिफ्टची नोकरी, सुरुवातीचा पगार बेताचा, वासाची सवय व्हायला सहा महिने. ॲनालिटिकल घेऊन एम.एस्सी. केलेल्यांचं बरं चाललंय, कारण औषध असो, पाणी असो की द्राक्ष, तपासणारा माणूस सगळ्यांना लागतो. साखर कारखान्यातल्या चीफ केमिस्टचा रुबाब तुला सांगलीकडं राहून मी काय सांगायचा! विषयात जीव रमला तर माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे, पुण्याची आयसर ही विज्ञान संशोधनाची संस्था आहे. आणि यातलं काहीच करायचं नसेल, बागच करायची असेल, तरी बारावीपर्यंतची केमिस्ट्री बागेत जितकी कामाला येईल तितका दुसरा विषय येणार नाही. घरातही. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतलं की विषारी क्लोरीन निघतो, हे माहीत नसल्यानं माणसं दवाखान्यात जातात.

म्हणून माझं म्हणणं असं : अजून काहीच ठरवू नकोस. सहा आठवडे दे. ती डाव्या-उजव्या पानांची वही लिही. रोज मोलची दोनच गणितं सोडव, पण पुस्तकातली नावं खोडून तिथं बागेतली नावं घाल. वर्गातल्या दोघी-तिघींना बरोबर घेऊन प्राचार्यांकडं जा आणि सांग, आम्हाला जर्नल नको, प्रॅक्टिकल हवंय. उतरवून काढलेली जर्नलं मी वर्षानुवर्षं तपासून सह्या केल्यात, त्यामुळं या चोरीत माझाही हात आहे. तरी सांगते, मागायला घाबरू नकोस. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला तेव्हा कमला भागवत यांनी संचालक रामन यांच्यापुढं माघार घेतली नाही. प्रवेश मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. केली, आणि पुढं कमला सोहोनी म्हणून मुंबईत नीरेसारख्या आपल्या गरिबाघरच्या पेयावर काम केलं. तुला तर फक्त एक ब्युरेट आणि स्टँड मागायचाय.

ते मिळेपर्यंत घरी एक प्रयोग कर. आण्णांना शेजारी उभं करूनच, कारण मोरचूद विषारी आहे आणि विरणारा चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे, चष्मा, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद विरघळव. दुसरीकडं १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या थोड्या पाण्यानं विरव, पूर्ण निवू दे, आणि पाणी घालून बरोबर एक लिटर कर. म्हणजे त्याच्या दर ५० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम चुना आला. तो ढवळून, ५० मिलिलिटर मोजून, बादलीत ओत. पुन्हा ढवळ, आणि स्वच्छ घासलेला खिळा मिनिटभर बुडवून बघ. तांबूस झाला? पुढचे ५० ओत. प्रत्येक वेळी नवा खिळा. शेवटी शेवटी दहा-दहा मिलिलिटर. खिळा ज्या मापाला लाल व्हायचा थांबतो तो आकडा लिहून ठेव. तुझ्या इंग्रजी पुस्तकात याला 'टायट्रेशन' म्हणतात आणि त्यासाठी ब्युरेट ही काचेची लांब नळी लागते, पण डोकं तेच.

आपल्या ढोबळ हिशेबानं आकडा २२५ मिलिलिटरच्या आसपास यायला हवा. गाळात थोडं सल्फेटही अडकून राहतं, त्यामुळं ताज्या, चांगल्या चुन्याला त्याहून कमीही पुरेल. पण चुना जुना असेल तर आकडा वर सरकेल, चारशे, पाचशे, कितीही. म्हणजे हा प्रयोग मोरचुदाचा कमी आणि तुमच्या दुकानदाराच्या चुन्याचा जास्त आहे. उरलेलं बादलीत ओत, आण्णा ते वाया जाऊ देणार नाहीत.

आकडा किती आला ते मला कळव. आणि आण्णांना नमस्कार सांगून एवढं विचार, चुन्याची ती पिशवी फोडून किती दिवस झाले.